मुराळ्यानं मागितलेला एक दिवस

आमच्या घरात जत्रेला किती दिवस जायचं हे मी ठरवत नाही. चैत्र जवळ आला की पोरं भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसतात. एक म्हणतो दोन दिवस, दुसरी म्हणते तीन, आणि बायको त्यांच्या परीक्षा, माझी रजा, गावच्या घरातलं पाणी असं सगळं बघून काय तो निकाल देते. मला विचारलं तर ‘तुम्ही बघा’ म्हणून मी चपला घालतो. लोणावळ्याच्या बाजारातून एक चक्कर मारून परत येईपर्यंत ठरलेलं असतं. बायकोला वाटतं, मला गर्दीचा कंटाळा आहे. मी तसं तिला वाटू दिलं. एकदा मी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी जत्रेचे दिवस ठरवले होते, आणि त्यानंतर ते काम माझ्याच्यानं होत नाही, हे तिला आजवर सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

आमचं गाव कामशेतच्या बाजूला. जत्रा तीन दिवसांची म्हणतात, पण पहिला दिवस देवीचा. अभिषेक, नैवेद्य, संध्याकाळी पालखी. त्या दिवशी दुकानदार बांबू पुरत असतात आणि पाळणेवाले खड्डे खणत असतात. खरी जत्रा दुसऱ्या दिवशी. आखाडा, गोडीशेव, वेडेवाकडे आरसे लावलेला तंबू, पाळणे. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलंसुरलं चालतं. तेव्हा कुणाला पहिल्या दिवसापुरतं जत्रेला बोलवायचं म्हणजे पान वाढून झाल्यावर त्याला उठवण्यातलाच प्रकार. आमच्या गावातल्या रांगत्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतंच.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई शेतावर, म्हणून मी आक्काच्या कडेवर वाढलो. ती मला ‘बारक्या’ म्हणायची, अजूनही म्हणते. मी चार-पाच वर्षांचा असताना जत्रेतल्या लाकडी पाळण्यात बसायचा हट्ट धरला, आणि एकटा बसवलं की रडायचो. आक्काला उंचीची भीती. घराच्या माळ्यावरसुद्धा ती चढत नसे. पण ती माझ्याबरोबर बसली, मला पोटाशी धरून, डोळे मिटून. खाली उतरल्यावर देवळाच्या मागं जाऊन ओकली आणि तोंड पुसत मला म्हणाली, “आईला सांगू नगंस, न्हाईतर पुन्यांदा बसू द्यायची न्हाई तुला.”

तिचं लग्न पवन मावळातल्या एका गावात झालं. आमच्याकडं लग्न झालेल्या मुलीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच जातो. त्यानं सासूसमोर बसायचं, गूळपाणी घ्यायचं, पिकाचं बोलायचं, आणि मग सासू विचारते, किती दिवस? मुराळी वाढवून मागतो, सासू कमी करते. तीन मागावेत आणि दोन मिळावेत असा रिवाज. आकडा काय निघणार हे दोघांनाही आधीच माहीत असतं, तरी ही घासाघीस दरवर्षी होते, कारण त्यात मुलीचा मान असतो. माहेरची माणसं तिला जास्त मागतात आणि सासरी तिच्यावाचून अडतं, हे चारचौघांत बोललं जातं. एकदा आकडा ठरला की तो शब्द. त्याच्या पुढं एक जेवणही राहायचं नाही. आक्काच्या सासूच्या घरात तर शब्द म्हणजे शब्द.

त्या वर्षी मी लोणावळ्यात एका कारखान्याच्या ऑफिसात नुकता कायम झालो होतो. बिऱ्हाड केलं होतं, मोठा मुलगा तान्हा होता आणि बायको त्याला घेऊन अजून माहेरीच होती. मी इस्त्रीचे कपडे घालायला लागलो होतो आणि ‘न्हाई’चं ‘नाही’ करायला लागलो होतो. आमचे साहेब शहरातले, भले गृहस्थ. त्यांच्या बायकोनं एकदा सहज विचारलं की खेड्यातली जत्रा मुलांनी कधी पाहिली नाही, तुमच्या गावची केव्हा असते? मी तिथल्या तिथं आमंत्रण दिलं. बाई म्हणाल्या, “मुलांना घेऊन एक दिवस पुरेल, की दोन लागतील?”

मी म्हणालो, “पहिल्या दिवशी येऊ नका बाई, काहीच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी या, मुक्काम करा, तिसऱ्या दिवशी निवांत निघा. मुलांना घाई नको.”

‘मुलांना घाई नको.’ हे माझे शब्द.

घरी येऊन मी माणसं मोजायला लागलो. गावचं घर दोन खणांचं. आक्का येणार म्हणजे तिची तीन पोरं येणार. मोठ्याच्या अंगात बापाच्या धोतराचा शिवलेला सदरा, मधलीच्या पायांवर फोड, धाकट्याचं नाक कायम वाहतं. आणि आक्का स्वतः. ती मोठ्यानं बोलते, चुलीपुढं उकिडवी बसून हसते. साहेबांच्या बायकोसमोर ती मला बारक्या म्हणणार, मी किती रडका होतो ते रंगवून सांगणार, याची मला खात्री होती. ही भीती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती, म्हणून मी ती स्वतःलाही नीट सांगितली नाही. अडचण आहे, जागा नाही, एवढंच मनाशी म्हणत राहिलो.

जत्रेच्या आदल्या दिवशी आईनं मला नेहमीसारखं बजावलं. “तीन माग, म्हंजी म्हातारी दोन देईल. यंदा इंजनावरचा मोटा पाळना येनार हाय म्हनं. पोरांना बसवायचं हाय मला त्यात.”

“बरं,” मी म्हणालो.

संध्याकाळच्या गाडीनं आक्काच्या गावी पोचलो. ओसरीवर मावशी, म्हणजे आक्काची सासू, सुपात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, “या पाव्हनं. लोनावळ्याचं वारं खाऊन गोरं झाला की.”

आतून आक्काचा आवाज आला, “गोरा कुटला, साबन लावतोय आता त्यो.” पोरं खिदळली. तिघंही दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडं बघत उभी होती, आणि त्यांच्या मागं पिठाचे हात घेऊन आक्का.

गूळपाणी झालं. मावशीनं सूप बाजूला केलं.

“मग, किती दिस नेताय?”

“एकच दिस, मावशी.”

“येक?”

“व्हय.”

म्हातारी हसायला लागली. तिला वाटलं मी घासाघिशीची काही नवी तऱ्हा काढली. “आवो, येकाला कोन नेतं? जाया-यायलाच येक दिस जातो. तुमी तीन म्हनायचं, मी दोन म्हनायचं. हापिसात बसून इसरला काय?”

“यंदा जरा अडचण आहे घरात. एकच द्या.”

“मी दोन धरूनच बसले व्हते. धाकट्या सुनंला सांगून ठेवलंय, गुरांचं तू बघ म्हनून.”

इथं मला मागं फिरता आलं असतं. ‘बरं, दोन तर दोन’ एवढंच म्हणायचं होतं. म्हातारीनं स्वतःहून दोन पुढं केले होते. मी म्हणालो, “नको मावशी. एकच.”

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि म्हणाली, “तुमचं मानूस. तुमी मागाल तेवडं.” त्या बाईला मी आयुष्यभर खडूस समजत आलो, पण त्या क्षणी तिनं आक्काकडं वळून पाहिलं नाही. आक्काला लाज वाटू नये म्हणून.

मोठा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यानं विचारलं, “मामा, मोटा पाळना आलाय का?”

“येतोय.”

“आमी बसनार?”

“बसाल की.”

सकाळी गाडीकडं चालताना पोरं पुढं पळत होती. आक्का माझ्या शेजारून धाकट्याला कडेवर घेऊन चालत होती. मग रस्त्याकडं बघत म्हणाली, “आईनं येकच सांगितला व्हता का रं?”

मी म्हणालो, “व्हय.”

ऑफिसात ‘हो’ म्हणणारा मी त्या वेळी ‘व्हय’ म्हणालो. तिच्या भाषेत खोटं बोललो म्हणजे ते तिला पटेल असं वाटलं असणार. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि धाकट्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

घरी पोचल्यावर आईनं मला मागच्या दारी गाठलं. “किती दिलं म्हातारीनं?”

“एक.”

“तीन मागितलं न्हवतंस?”

“मागितले. तिनं एकच दिला.”

“वंगाळच म्हातारी,” आई म्हणाली. “माझी लेक काय तिच्या घरची मोलकरीन हाय काय?” आणि ती पुरणाला लागली. त्या दोघी दिवसभर एका चुलीपुढं बसून होत्या. आक्काला वाटत होतं, आईला मी नको झाले. आईला वाटत होतं, लेकीला सासरी जाच आहे, विचारलं तर रडेल. म्हणून कुणीच काही विचारलं नाही. त्या एकमेकींना विचारतील याची मला धास्ती होती, पण त्यांच्या मायेवरच माझं खोटं तरून गेलं.

पोरं पाळण्यापाशी. देवळाच्या मागच्या माळावर तो उभा राहत होता. नुसते खांब आणि लोखंडी चक्र, खाली गवतात रंगवलेले डबे ओळीनं ठेवलेले. त्यांनी भर उन्हात दुपार तिथं काढली. जेवायला बोलावलं तर एकेक जण येऊन जेवून जाई, म्हणजे जागा जायला नको. मोठ्यानं हिरवा डबा पसंत केला, ज्याच्यावर मोर काढला होता. पाळणेवाल्याला त्यानं सांगितलं, “ह्यो आमचा. दुसऱ्याला देऊ नगा.” पाळणेवाला गमत्या होता. म्हणाला, “खूण बांध मग, मला कसं कळायचं?” पोरानं बहिणीच्या वेणीची लाल चिंधी सोडून डब्याच्या दांडीला बांधली. संध्याकाळी पालखीच्या वेळी हे सगळं त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, “शाब्बास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आक्काची ओटी भरली. पाळण्याचं इंजिन दुपारी चालू होणार होतं. चुलतभावाच्या बैलगाडीतून त्यांना कामशेतला पोचवायचं होतं. पोरांना तोपर्यंत वाटत होतं की गाडी आधी माळावर जाईल. गाडी दुसऱ्या वाटेला लागली तेव्हा मोठा उभा राहिला. आक्कानं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि म्हणाली, “फुडल्या साली.” तो रडला नाही. गाडीच्या मागच्या बाजूनं देवळाच्या शेंड्यावर चक्राचा वरचा भाग दिसत होता, तिकडं तोंड करून बसला. मी गाडीबरोबर वेशीपर्यंत गेलो, आणि साहेबांची वेळ झाली म्हणून परत फिरलो.

साहेब जीपनं आले. बाई, दोन मुलं. त्यांच्या धाकट्या मुलाचंही नाक वाहत होतं. आई त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन गप्प उभी राहिली, जशी मला हवी होती तशी. जेवताना बाईंनी पुरणपोळी मागून घेतली आणि सहज विचारलं, “जत्रेला माहेरवाशिणी येतात ना? तुम्हाला बहीण नाही का?”

“आहे एक,” मी म्हणालो. “सासरी असते.”

आई माझ्याकडं बघायला लागली. मी पाण्याचा तांब्या आणायला उठलो.

दुपारी माळावर साहेबांच्या मुलांना पाळण्यात बसवायला नेलं. पाळणेवाल्यानं थांबवलेला डबा नेमका हिरवा. मुलगी चढली आणि दांडीची चिंधी चिमटीत धरून म्हणाली, “हे घाणेरडं काय आहे?” पाळणेवाला बोलणार होता, “ते एका पोरानं...” मी त्याला बोलू दिलं नाही. पुढं होऊन मीच ती गाठ सोडली. पोरानं घट्ट मारली होती, दातानं ओढून. मला नखं लावावी लागली. चिंधी खिशात घातली आणि म्हणालो, “असंच काहीतरी. बसा तुम्ही.”

मुलांना धुळीचा त्रास व्हायला लागला म्हणून साहेब मुक्कामाला थांबले नाहीत. उन्हं कलायच्या आत जीप गेली.

पुढच्या वर्षी मुराळी म्हणून मी नाही गेलो, रजा नाही असं सांगितलं. चुलतभाऊ गेला आणि त्यानं तीन मागितले. मावशी दोन म्हणाली. आक्का आतून म्हणाली, “येकच पुरे.” तेव्हापासून ती येत राहिली ती एक दिवसापुरती, देवीच्या दिवशी, आणि पोरांना घरी ठेवून. आई म्हणायची, “ऱ्हा गं आनखी येक दिस.” आक्का म्हणायची, “न्हाई गं, तितं लय काम हाय.” आई मग मागच्या दारी येऊन मला म्हणायची, “तिच्या सासूनं माझं लेकरू तोडलं.” मी ऐकून घ्यायचो. आई गेली त्या आधी महिनाभर ती अंथरुणावर होती. आक्का आली, चार दिवस राहिली, तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायची. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दोघी एका खोलीत होत्या. मी डॉक्टरांच्या, औषधांच्या खेपा घालत राहिलो. बाहेर काम असलं की माणसाला बरं पडतं.

यंदा फाल्गुनात मी दोन दिवसांची रजा काढून आक्काकडं गेलो. कारण काही नव्हतं. म्हणजे होतं, पण तिथं पोचेपर्यंत मी ते सांगेन असं मला वाटत नव्हतं. आता धरणामुळं त्या बाजूला गाड्या वाढल्यात. मावशी वारली. आता ओसरीवर आक्का बसते, तेच सूप घेऊन. मोठ्या भाच्याचं लग्न झालंय, त्याला दोन वर्षांचं पोर आहे.

“आला का बारक्या,” ती म्हणाली. “ऱ्हानार हायस ना?”

“दोन दिवसांची रजा आहे.”

“मग दोन दिस ऱ्हा. सुनंला सांगते, कोंबडं काप म्हनून.” ती खूश झाली होती. मला ते बघवेना.

तेवढ्यात एक पोरगेला मुराळी आला, सुनेचा भाऊ. त्यांच्या गावची जत्रा. घाम पुसत बसला, गूळपाणी घेतलं आणि आक्कानं विचारायच्या आतच म्हणाला, “तीन दिस पायजेत मावशी.” त्याला घाई झाली होती.

“तीन कशाला,” आक्का म्हणाली. “पाच ने. पोराला पाळन्यात बसव. पर त्याच्याबरूबर कोनतरी बस, येकटा बसवू नगंस.”

पोरगा गोंधळला. रिवाजात हे नव्हतं. आतून सून हसली. सगळी माणसं आत गेल्यावर ओसरीवर आम्ही दोघंच राहिलो, आणि मी बोलायला लागलो. सगळं सांगितलं. आईनं तीन मागायला सांगितले होते, हे आधी. मग साहेब, मग आईला काय सांगितलं ते, मग ती चिंधी. आक्का तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “जीप बघितली व्हती मी. वाटंत गाडी बाजूला घ्यावी लागली. मला वाटलं, साहेब येनार म्हनून आईनंच आपल्याला लावून दिलं.”

“नाही आक्का.”

“तिचं केस इंचरताना बी मनात त्येच व्हतं माझ्या.” सुपातला एक खडा तिनं अंगणात टाकला. “मला काय सांगतोस आता? तिला सांगायचं व्हतंस.”

ती उठली, सूप आत नेऊन ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती, आंबेमोहोर तांदळाची. भावाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. ती पिशवी तिनं माझ्या शेजारी ठेवली.

“गाडी पाचाला असती,” ती म्हणाली. “चुकवू नगंस.”

गाडीपर्यंत पिशवी घेऊन भाचा आला. आता तो माझ्याहून उंच आहे. वाटेत भाताचं, धरणाच्या पाण्याचं बोलला. त्याला चिंधी आठवते का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. गाडी आली तेव्हा त्यानं पिशवी वर दिली आणि म्हणाला, “आई म्हटली, मामाला येकायेकी काम निघालं. न्हाईतर दोन दिस ऱ्हानार व्हते.”

“व्हय,” मी म्हणालो.